स्त्री-पुरुषांच्या शरीराची प्रमाणं: फरक नक्की कुठे असतो?

रेघोटी

मी मानवाकृती रेखाटन शिकवते. नव्या विद्यार्थ्यांना पुरुषाकृती बऱ्यापैकी जमू लागली की तिच्यावरूनच ते स्त्री काढायला घेतात. उंची थोडी कमी, खांदे थोडे आत, कंबर आवळलेली आणि नितंब दोन्ही बाजूंना फुगवलेले. दुरून चित्र पटतं. जवळ गेलं की ती आकृती उभी राहू शकेल असं वाटत नाही. म्हणून हा धागा काढते आहे. वैद्यकीय, शिवणकाम, यंत्ररचना, खेळ अशा क्षेत्रांतली मंडळी इथे आहेत. तुमच्या कामात हा फरक कुठे जाणवतो, ते लिहा.

सुरुवात मी आकड्यांनी करते. अमेरिकी लष्कराने 2012 साली संपवलेल्या शरीरमापनात 4,082 पुरुष आणि 1,986 स्त्रियांची प्रत्येकी 93 मापं घेतली होती. ही सगळी सैन्यातली माणसं, त्यामुळे हे सेंटिमीटर जगभरच्या लोकांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण स्त्री-पुरुषांची इतकी मापं एकाच पद्धतीने घेतलेली असल्यामुळे तुलनेला ती चांगली पडतात.

त्यात पुरुषांची सरासरी उंची साधारण 175.6 सेंटिमीटर आणि स्त्रियांची 162.8. म्हणजे पुरुष सुमारे 8 टक्क्यांनी उंच. आता खांदे बघा. एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरुषांची रुंदी सरासरी 41.6, स्त्रियांची 36.5. इथे फरक 14 टक्के. पुरुषाची आकृती नुसती 8 टक्क्यांच्या हिशेबाने लहान केली तर खांदे 38.6 येतात, म्हणजे खऱ्या सरासरी स्त्रीपेक्षा 2 सेंटिमीटरने रुंद. कागदावर हे 2 सेंटिमीटर लगेच दिसतात.

आणि नितंब? तिथे सेंटिमीटरमधला फरक जेमतेम आहे. उंचीत 13 सेंटिमीटर कमी असलेली स्त्री नितंबांच्या रुंदीत पुरुषाच्या बरोबरीला येते. आपल्याला ते रुंद दिसतात कारण वरचे खांदे अरुंद असतात आणि मधली कंबर बारीक असते. विद्यार्थी नेमकं उलट करतात. खांद्यांना धक्का लावत नाहीत आणि नितंब ओढून ओढून बाहेर काढतात. मी त्यांना सांगते, नितंबांची रेघ आहे तिथेच ठेवा आणि खांदे आत घ्या.

डोक्याच्या हिशेबात मात्र दोघे जवळपास सारखेच. हनुवटीपासून माथ्यापर्यंतचं माप एक धरलं तर प्रौढ पुरुष आणि प्रौढ स्त्री दोघंही साधारण साडेसात डोकी भरतात. आठ डोक्यांची आकृती हा चित्रकारांनी मान्य केलेला आदर्श आहे. मॉडेल समोर उभं करून मोजलं तर आठ क्वचितच भरतात.

---

अस्थिपंजर

रेघोटीताई, खांदे आणि नितंबांबद्दल अगदी नेमकं लिहिलंत. हा फरक येतो कसा, हे सांगायचा प्रयत्न करतो. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो.

आठ-नऊ वर्षांच्या मुलामुलींच्या सांगाड्यांची प्रमाणं जवळजवळ सारखी असतात. वयात येताना दोन गोष्टी होतात. एक म्हणजे वेळ. मुलींच्या वाढीचा झपाटा साधारण 12 व्या वर्षी शिखरावर असतो, मुलांचा 14 व्या. मुलगा तो सुरू होण्याआधी दोन वर्षं जास्त, संथ गतीने का होईना, वाढत राहतो. प्रौढपणी जो 13 सेंटिमीटरचा फरक दिसतो त्यातला मोठा वाटा या दोन जास्तीच्या वर्षांचा आहे. उरलेला मुलांच्या झपाट्याचा जोर जास्त असल्यामुळे येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे जागा. खांद्याच्या भागातली कूर्चा टेस्टोस्टेरॉनला जास्त प्रतिसाद देते आणि ओटीपोटाच्या हाडांमधली इस्ट्रोजेनला. त्यामुळे मुलगा खांद्यात रुंदावतो, मुलगी खुब्यात. उंची 8 टक्के आणि खांदे 14 टक्के, असा वेगवेगळा फरक पडतो तो यामुळे.

इस्ट्रोजेन हे फक्त बायकांचं संप्रेरक असा समज असतो. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या मिटवण्याचं काम पुरुषांतही इस्ट्रोजेनच करतं. 1994 साली एका 28 वर्षांच्या पुरुषाची नोंद वैद्यकीय साहित्यात आली. त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची 204 सेंटिमीटर, आणि वाढीच्या चकत्या त्या वयातही उघड्या. टेस्टोस्टेरॉनची काही कमतरता नव्हती, तरी हाडांची वाढ थांबत नव्हती.

सांगाड्यात सर्वांत ठळक फरक ओटीपोटाच्या हाडात असतो. जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या पुढच्या बाजूच्या हाडाच्या, खाली जी कमान दिसते तिचा कोन पुरुषांत अरुंद असतो, बहुतेक वेळा 70 अंशांच्या आत. स्त्रियांत तो 80 च्या पुढे जातो. मागच्या बाजूची खाच पुरुषांत खोल आणि चिंचोळी, स्त्रियांत उथळ आणि पसरट. ओटीपोटाचं हाड अखंड मिळालं तर सांगाडा स्त्रीचा की पुरुषाचा हे तज्ज्ञ 95 टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखतात. नुसत्या कवटीवरून तितकी खात्री देता येत नाही, आणि लांब हाडांच्या लांबीवरून तर नाहीच.

आणखी एक. हे हाड आयुष्यभर एकाच मापाचं राहत नाही. 2016 साली झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की स्त्रियांचं ओटीपोट वयात आल्यापासून रुंदावत जातं, 25 ते 30 च्या सुमाराला सर्वांत प्रशस्त असतं आणि चाळिशीनंतर पुन्हा थोडं अरुंद होत जातं. पुरुषांत असा चढउतार दिसत नाही. त्यामुळे पन्नाशीची स्त्री काढताना विशीतल्या स्त्रीची मापं घेऊन भागणार नाही.

---

सुईदोरा

वर डॉक्टरसाहेबांनी हाडांचं सांगितलं, मी कापडाचं सांगते. पॅटर्न कटिंग करते.

पुरुषी शर्ट लहान करून "लेडीज शर्ट" म्हणून विकलेला असेल तर मला तो हँगरवरही ओळखू येतो. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते. छातीला बटणं ताणतात आणि दोन बटणांच्या मध्ये फट पडते. पाठीला मात्र कापड उरतं. छातीचं माप वाढवावं तर खांदे आणखी लांब होतात. खांदे बसवावेत तर छातीला अपुरा पडतो. आणखी एक साइज लहान किंवा मोठा करून यातून सुटका नाही, कारण फर्माच वेगळा लागतो. खांदा अरुंद, मुंढा वर आणि लहान, पुढच्या भागाला टक्स आणि पुढची लांबी मागच्यापेक्षा जास्त.

पँटमध्ये कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, यांच्यातला फरक सगळं ठरवतो. पुरुषांत तो कमी, स्त्रियांत जास्त. सीटला बसलेली पँट स्त्रीच्या कंबरेला मागच्या बाजूने उघडी राहते. बायका वर्षानुवर्षं पट्टा आवळून हे झाकतात आणि दोष आपल्या अंगाला देतात. त्यांना मला एवढंच सांगायचंय की कापताना कंबर आणि सीट यांच्यातलं अंतर चुकीचं धरलेलं असतं. तुमच्या अंगात काही कमी-जास्त नाही.

माझ्याकडे येणाऱ्या दोन स्त्रियांची छाती, कंबर, सीट तिन्ही मापं तंतोतंत सारखी असतात आणि तरी एकीचा कपडा दुसरीला होत नाही. एकीची पाठ रुंद आणि पुढचा भाग सपाट, दुसरीचं बरोबर उलट. टेपने घेर कळतो, पण त्या घेरातलं कुठे किती भरलंय ते कळत नाही.

---

उंबरठा

वाचतोय. पण एक मुद्दा राहिला. स्त्रियांचे पाय उंचीच्या मानाने लांब असतात आणि धड आखूड, पुरुषांचं उलट, असं सगळीकडे वाचलंय. सायकली आणि पाठीवरच्या पिशव्यासुद्धा याच आधारावर बनवतात ना?

---

रेघोटी

उंबरठा, हे फार पसरलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धड आणि पाय यांची तुलना करायला बसलेली उंची घेतात. ताठ बसल्यावर बैठकीपासून माथ्यापर्यंतचं अंतर, आणि ते एकूण उंचीच्या किती टक्के भरतं ते बघायचं. प्रौढ पुरुषांत हे साधारण 52 टक्के येतं, स्त्रियांत 53 च्या जवळ. म्हणजे उंचीच्या मानाने स्त्रियांचे पाय सरासरीने किंचित आखूडच भरतात. फरक इतका थोडा आहे की एकट्या माणसाकडे बघून तो सांगता येणार नाही. लोकसमूहांमधला फरक याच्या कितीतरी पट मोठा. काही समूहांत हे गुणोत्तर 50 च्या खाली असतं, काहींत 54 पर्यंत जातं.

मग पाय लांब का वाटतात? पाय कुठून सुरू होतो हे डोळा कंबरेवरून ठरवतो. स्त्रियांची सर्वांत बारीक जागा बेंबीच्या वर असते आणि तिथून खाली रेघ एकसंध बाहेर जात मांडीत उतरते. डोळा तो सगळा भाग पायात धरतो. पुरुषाच्या कडेला असा ठळक खळगा नसतो. त्याचा पट्टा खाली असतो, आणि डोळा पाय तिथून मोजायला लागतो. टाचेचे बूट असले की उरलीसुरली शंकाही जाते. फॅशनच्या रेखाटनांत तर आकृती नऊ किंवा त्याहून जास्त डोक्यांची करतात आणि वाढवलेली उंची जवळजवळ सगळी पायांतच घालतात. लहानपणापासून ती चित्रं बघून डोळ्याला तीच सवय लागते.

वर्गात मी एक करून घेते. मॉडेलच्या खुब्याच्या हाडावर, म्हणजे मांडी बाहेरून चाचपली की जिथे हाडाचा टणक उंचवटा लागतो तिथे, कागदाची चिकटपट्टी लावते. मग एकेकाला विचारते की पाय कुठून सुरू होतो असं वाटलं होतं. जवळजवळ सगळ्यांचं बोट पट्टीच्या बरंच वर जातं. उभ्या आकृतीचा मध्य हा या उंचवट्याच्या आसपासच येतो, पुरुषातही आणि स्त्रीतही.

---

दोनचाकी

सायकलींबद्दल रेघोटीताईंना दुजोरा. "लांब पाय, आखूड धड" या समजुतीवर स्त्रियांसाठी वेगळ्या सांगाड्याच्या सायकली बरीच वर्षं निघाल्या. मोठ्या प्रमाणावर मापं गोळा केल्यावर काही उत्पादकांनी तो वेगळा सांगाडा सोडला. आता एकच सांगाडा जास्त साइजमध्ये देतात आणि हँडलची रुंदी, ब्रेकच्या दांड्याचं अंतर, सीट हे बदलून देतात. फरक आहे तो खांद्यांची रुंदी, पंजाचा आकार आणि बसण्याच्या हाडांमधलं अंतर यांत. बैठकीची ही दोन हाडं स्त्रियांत सरासरीने एकमेकांपासून जास्त लांब असतात. तरी अरुंद सीट लागणाऱ्या बायका आणि रुंद सीट लागणारे पुरुष भरपूर आहेत. सीट घेताना बसण्याच्या हाडांमधलं अंतर मोजून घ्या, खोक्यावर कुणाचं चित्र आहे ते बघू नका.

---

चौकट

मोटारींच्या सुरक्षेच्या क्षेत्रात काम केलंय, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

धडक चाचणीत जो पुतळा वर्षानुवर्षं वापरला गेला तो सरासरी पुरुषाचा. त्याची आवृत्ती 1976 साली आली. उंची साधारण 175 सेंटिमीटर, वजन 78 किलोच्या आसपास. नंतर "स्त्री" म्हणून जो पुतळा आला तो साधारण 150 सेंटिमीटर आणि 49 किलोचा. हा सर्वांत लहानखुऱ्या 5 टक्के स्त्रियांचा प्रतिनिधी. आणि तो बनवला होता मुख्यतः पुरुषाची मापं कमी करून. रेघोटीताईंनी वर्गात जे खटकतं म्हणून सांगितलं, तेच इथे कारखान्यात झालं. खांदे, मान, ओटीपोट यांच्या प्रमाणातला फरक त्यात उतरलाच नाही.

समोरून होणाऱ्या धडकेत सीटबेल्ट लावलेल्या स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच परिस्थितीतल्या पुरुषापेक्षा 73 टक्क्यांनी जास्त, असं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात आढळलं. वय, उंची, वजन, गाडीचं वर्ष हे सगळं हिशेबात घेऊनसुद्धा. याचं कारण एकच नाही. पट्टा छातीवरून आणि ओटीपोटाच्या हाडावरून कसा जातो, मान किती बारीक आहे, पाय पेडलपर्यंत पोचायला आसन किती पुढे घ्यावं लागतं, सगळं त्यात येतं. मागून बसणाऱ्या धडकेत मानेला हिसका बसून होणारी दुखापतही स्त्रियांना जास्त होते.

सरासरी स्त्रीच्या मापाचा पुतळा स्वीडनमधल्या संशोधकांनी 2022 साली दाखवला. उंची 162 सेंटिमीटर, वजन 62 किलो. 1976 आणि 2022, मध्ये 46 वर्षं. या 46 वर्षांत किती गाड्या रस्त्यावर आल्या याचा विचार केला की मला स्वस्थ बसवत नाही.

---

सुईदोरा

चौकटदादा, वाचून सुन्न झाले. आमच्याकडे फर्मा चुकला तर कपडा उसवून पुन्हा शिवता येतो.

---

नभांगण

अंतराळातलं एक उदाहरण इथे द्यायला हवं. मार्च 2019 मध्ये फक्त स्त्रियांचा पहिला अंतराळपदभ्रमण ठरला होता. अंतराळपोशाखाचा धडावर बसणारा कडक भाग मध्यम मापाचा दोघींना हवा होता आणि स्थानकावर वापरायला तयार होता एकच. दोघींपैकी ॲन मॅक्लेन यांनी स्वतःच अदलाबदल सुचवली आणि त्यांच्या जागी पुरुष सहकारी गेला. शेवटी 18 ऑक्टोबर 2019 ला क्रिस्टिना कोच आणि जेसिका मेअर बाहेर पडल्या. त्या पोशाखात खांद्याचा सांधा पोशाखाच्या सांध्याशी नीट जुळला नाही तर हात उचलायलाही जोर लागतो आणि तासन्‌तास काम करताना खांदा दुखावतो. म्हणून माप जुळवणं हा तिथे सुरक्षेचा भाग आहे.

---

पोथीवाचक

रेघोटीताई, चित्रकलेचा विषय निघालाय म्हणून जुन्या ग्रंथांचा दाखला देतो.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार मापांसह दिले आहेत. हंस 108 अंगुळं, भद्र 106, मालव्य 104, रुचक 100 आणि शशक 90. म्हणजे "पुरुष" हा एकच साचा त्या काळच्या चित्रकारांनीही धरला नव्हता. स्त्रीबद्दल तिथे असं आहे की ती पुरुषाच्या शेजारी त्याच्या खांद्यापर्यंत येईल अशी काढावी, कंबर दोन अंगुळांनी कमी आणि कटी चार अंगुळांनी जास्त घ्यावी.

पाश्चात्य परंपरेत व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने दिलेली मापं पुरुषाचीच, आणि लिओनार्दोने साधारण 1490 मध्ये वर्तुळ-चौकोनात उभा केला तोही पुरुषच. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने मात्र स्त्री आणि पुरुष दोघांच्याही अनेक आकृत्या मोजून मांडल्या. त्याचा प्रमाणांवरचा ग्रंथ 1528 साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी छापून आला. त्यात जाड, सडपातळ, बुटक्या, उंच अशा सगळ्या प्रकारच्या बायका आहेत, प्रत्येकीची मापं वेगळी. मला ड्यूरर यासाठी फार मोठा वाटतो.

---

रेघोटी

पोथीवाचक, मनापासून आभार. चित्रसूत्रातलं हे वचन मी वर्गात सांगणार आहे आणि सोबत मापंही ठेवणार आहे. खांद्याची उंची एकूण उंचीच्या सुमारे 82 टक्के असते. म्हणजे 175 सेंटिमीटरच्या पुरुषाच्या खांद्यापर्यंत येणारी स्त्री 144 सेंटिमीटरची झाली. सरासरी स्त्री सरासरी पुरुषाच्या शेजारी उभी केली तर तिचा माथा त्याच्या डोळ्यांच्या पातळीला लागतो. तेव्हा शिल्प-चित्रातला तो फरक जाणूनबुजून वाढवलेला आहे. भिंतीवर उंच असलेली आकृती खालून, अंधुक उजेडातही झटकन ओळखू यावी लागते, आणि त्यासाठी तो उपयोगीच आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा ते शैलीचं माप आपण निसर्गाचं माप म्हणून घेतो.

---

समास

इतका वेळ सगळेजण "सरासरी स्त्री", "सरासरी पुरुष" म्हणताहेत. मला इथे थोडं थांबवायचंय, कारण संख्याशास्त्र हा माझा विषय आहे.

1940 च्या दशकात अमेरिकेत हजारो तरुण-तरुणींच्या मापांवरून "नॉर्मा" आणि "नॉर्मन" नावाचे दोन पुतळे बनवले गेले. 1945 मध्ये क्लीव्हलंडच्या एका वर्तमानपत्राने नॉर्माशी जुळणारी स्त्री शोधायची स्पर्धा लावली. 3,864 जणींनी मापं पाठवली. नऊच्या नऊ मापांत जुळणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाच मापांत जुळणाऱ्यासुद्धा 40 पेक्षा कमी.

पुढे अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची दहा मापं तपासली. प्रत्येक मापात मधले 30 टक्के ते सरासरी, असा सैल निकष लावला. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक एकही नव्हता. त्याचा अहवाल 1952 चा. त्यातूनच पुढे आसन, पेडल, पट्टे हलवता येतील असे विमानकक्ष बनू लागले. हे सगळे पुरुष होते आणि निवडीतच टोकाच्या उंचीचे वगळलेले होते, हे लक्षात घ्या.

याचा अर्थ फरक खोटा आहे असं मी म्हणत नाही. उंचीतला फरक चांगलाच मोठा आहे. पण एखादी स्त्री शेजारच्या पुरुषापेक्षा उंच असणं हे रोज दिसतं. प्रत्येक मापात दोन्ही गट एकमेकांत शिरलेले असतात, आणि किती शिरलेले आहेत ते मापागणिक बदलतं. ओटीपोटाच्या कमानीत फारच थोडे, उंचीत बऱ्यापैकी, धड-पायाच्या गुणोत्तरात जवळजवळ पूर्ण. "स्त्रियांचं असं असतं" म्हणण्याआधी कोणत्या मापाबद्दल बोलतोय ते सांगायला हवं.

---

अस्थिपंजर

समास यांच्याशी पूर्ण सहमत. दोन टोकांची उदाहरणं जोडतो.

पकडीचा जोर. 2007 साली छापलेल्या एका जर्मन अभ्यासात 90 टक्के स्त्रियांचा जोर 95 टक्के पुरुषांपेक्षा कमी भरला. इथे गट फारच कमी मिसळतात. स्नायूंचंही तसंच. 468 प्रौढांच्या एमआरआय अभ्यासात पुरुषांचे स्नायू सरासरी 33 किलो आणि स्त्रियांचे 21 किलो भरले. शरीराच्या वरच्या भागात स्त्रियांचे स्नायू सुमारे 40 टक्क्यांनी कमी, खालच्या भागात 33 टक्क्यांनी. खांद्यांची रुंदी आणि त्यावरचे स्नायू, दोन्ही एकाच दिशेला जातात. त्यामुळेच पुरुषाचा वरचा भाग भारी दिसतो.

दुसरं टोक बोटांचं.

---

पेरू_पेन्सिल

बोटांचंच विचारणार होते! पुरुषांची तर्जनी अनामिकेपेक्षा आखूड असते, म्हणे. माझी तर्जनी आखूड आहे आणि मैत्रिणी त्यावरून काहीबाही सांगतात.

---

अस्थिपंजर

सरासरीने पुरुषांची तर्जनी अनामिकेच्या मानाने थोडी आखूड असते, हे खरं. 1998 पासून यावर भरपूर लिखाण झालं आहे. पण हा फरक इतका बारीक आहे आणि गट इतके मिसळलेले आहेत की एका माणसाच्या बोटांवरून त्याच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. स्वभाव, आवडीनिवडी, क्षमता, काहीच नाही. निर्धास्त राहा.

---

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा आणि कंबर या दोन जागांबद्दल लिहिते.

खुबे एकमेकांपासून लांब आणि मांडीचं हाड आखूड असेल तर ते हाड गुडघ्याकडे जास्त तिरकं उतरतं. त्यामुळे मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला ज्या रेषेत ओढतो तिचा कोन स्त्रियांत थोडा मोठा. पुस्तकांत पुरुषांसाठी साधारण 14 आणि स्त्रियांसाठी 17 अंश दिलेले असतात. या 3 अंशांवर गुडघ्याच्या सगळ्या दुखण्यांचं खापर फोडायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. झपकन दिशा बदलायच्या खेळांत स्त्री खेळाडूंच्या गुडघ्यातला पुढचा बंध तुटण्याचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीपासून कितीतरी जास्त आढळतं, हे खरं आहे. पण उडी मारून उतरण्याची पद्धत आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद यांवर मेहनत घेतली की हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं. कोन तोच राहतो, दुखापती मात्र कमी होतात. "तुझी ठेवणच तशी" असं सांगून मुलीला मैदानावरून घरी पाठवू नका, ही कळकळीची विनंती.

कंबरेचं मात्र मला फार सुंदर वाटतं. पाठीच्या कण्याला कंबरेत जो आतला बाक असतो तो पुरुषांत दोन मणक्यांत सामावलेला असतो आणि स्त्रियांत तीन मणक्यांत. हे मणके मागच्या बाजूला थोडे निमुळते असतात. गरोदरपणी पुढे भार येतो तेव्हा बाई मागे रेलते. तीन मणक्यांवर तो ताण वाटला जातो, एका जागी कातरल्यासारखा येत नाही. 2007 साली हा शोध प्रसिद्ध झाला. आपल्या लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांच्या अवशेषांतही असाच फरक दिसल्याचं त्यात मांडलं आहे. दोन पायांवर चालायचं आणि पोटात बाळही वागवायचं, त्यासाठीची ही तजवीज.

---

उंबरठा

सांधेजोड, मग रुंद ओटीपोटामुळे स्त्रियांचं चालणं-धावणं कमी कार्यक्षम होतं, हेही खरं की तोही समजच?

---

सांधेजोड

बरीच दशकं तसं धरून चालले होते. बाळंतपणासाठी रुंद हवं आणि चालण्यासाठी अरुंद हवं, अशी ओढाताण मानली जायची. 2015 साली स्त्री-पुरुषांना प्रत्यक्ष चालवून-पळवून, त्यांना किती ऑक्सिजन लागतो ते मोजलं. ओटीपोट रुंद असण्याने खर्च वाढलेला दिसला नाही.

---

निळाई

बराच वेळ नुसती वाचत होते. मी पोहणारी. माझे खांदे माझ्या भावाच्या खांद्यांइतके रुंद आहेत. शाळेत असल्यापासून "बाईच्या अंगाला शोभत नाही" हे ऐकत आले. समास यांनी लिहिलेलं नऊ मापांचं वाचलं आणि सुईदोराताईंचं कंबर-सीटचं वाचलं. मला हे कुणीतरी पंधराव्या वर्षी सांगायला हवं होतं. रेघोटीताई, तुमच्या वर्गात माझ्यासारख्या अंगाचं मॉडेल बसवता का?

---

रेघोटी

हो, निळाई, मुद्दाम बसवते. पहिल्या सत्रात मॉडेल पाठमोरं बसवायचं आणि मुलांना विचारायचंच नाही की स्त्री आहे की पुरुष. आधी मोजायचं. पेन्सिल हात ताठ करून धरायची, एक डोळा मिटायचा, डोक्याचं माप घ्यायचं आणि ते खांद्यांवर, पाठीवर, बैठकीवर लावत जायचं. जे भरेल ते कागदावर उतरवायचं. खांदे रुंद असलेली स्त्री आणि खुबे रुंद असलेला पुरुष असे दोघे लागोपाठ बसवले की मुलं पुस्तकातली मापं बाजूला ठेवतात. सरासरी मी त्यानंतरच शिकवते. समोरचं माणूस सरासरीपासून कुठे आणि किती सरकलं आहे हे ओळखायला तिचा उपयोग होतो, आणि चेहऱ्यापलीकडचं साम्य तिथूनच येतं.

---

पेरू_पेन्सिल

बसलेली उंची घरी कशी मोजायची? मुलीची वाढ बघायची आहे.

---

अस्थिपंजर

कडक, सपाट स्टूल भिंतीला टेकवून ठेवा. बैठक पूर्ण मागे, पाठ आणि डोकं भिंतीला, नजर समोर. मांड्या स्टुलावर आडव्या हव्यात. माथ्यावर पुस्तक काटकोनात धरून भिंतीवर खूण करा आणि त्या उंचीतून स्टुलाची उंची वजा करा. मग ते एकूण उंचीने भागा. दोन्ही मापं एकाच वेळी, शक्यतो सकाळी घ्या, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची एखाद-दीड सेंटिमीटरने उतरते.

वयात येण्याच्या सुमाराला पाय आधी वाढतात आणि धड मागाहून. त्यामुळे मधली काही वर्षं मुलगी नुसतीच पायांची दिसेल, गुणोत्तर खाली येईल आणि पुढे धड वाढलं की थोडं वर जाईल. सहा महिन्यांच्या अंतराने नोंद ठेवलीत तर हा सगळा प्रवास कागदावर दिसेल.